आइस हॉकीतला डिफेन्सिव्ह फॉरवर्ड आणि त्याची कारकीर्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईत चाकांच्या स्केट्सवर हॉकी खेळणारी मुलं आणि त्यांचे आईबाबा सराव संपल्यावर जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी या मुलांना शिकवतो आणि पहाटे उठून एनएचएलचे, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक आइस हॉकी लीगचे, सामने बघतो. गोल मारणाऱ्यांची माहिती कुठेही मिळते. समोरच्याला गोल मारू न देणाऱ्या फॉरवर्डबद्दल मात्र मराठीत फारसं काही वाचायला मिळत नाही, आणि मुलांचे सगळ्यात जास्त प्रश्न त्याच्याबद्दलच असतात.

डिफेन्सिव्ह फॉरवर्ड म्हणजे कोण? तो डिफेन्समनपेक्षा वेगळा कसा?

आइस हॉकीत एका संघाचे सहा जण बर्फावर असतात: एक गोलकीपर, दोन डिफेन्समन आणि तीन फॉरवर्ड. फॉरवर्डमध्ये मधला तो सेंटर आणि दोन्ही बाजूंचे ते विंगर. डिफेन्सिव्ह फॉरवर्ड हा या तिघांपैकीच एक. त्याची जागा आक्रमणाच्या फळीतली, पण प्रशिक्षक त्याला बर्फावर उतरवतो ते समोरच्या संघाची सर्वांत धोकादायक फळी रोखण्यासाठी. तो बहुतेक वेळा तिसऱ्या फळीत खेळतो. एका सामन्यात साधारण पंधरा मिनिटं त्याच्या वाट्याला येतात, तीही चाळीस-पन्नास सेकंदांच्या शिफ्टमध्ये तुकड्यातुकड्यानं.

मग तो तेवढ्या वेळात करतो काय?

या प्रश्नाचं उत्तर लांब आहे आणि ते लांबच असायला हवं.

पहिलं काम मागे धावण्याचं. आपला हल्ला फसला आणि पक (खेळायची रबरी चकती) समोरच्याच्या काठीवर गेला, की ज्या क्षणी इतर फॉरवर्ड निराश होऊन मान खाली घालतात, त्या क्षणी हा वळलेला असतो. याला बॅकचेक म्हणतात. चांगला बॅकचेक म्हणजे पक असलेल्या माणसाच्या मागे लागणं नव्हे. मागून मोकळा येणारा तिसरा माणूस कोण हे आधी हेरायचं आणि त्याला काखेत घेतल्यासारखं धरून ठेवायचं. पकवाल्याला डिफेन्समन बघून घेतो.

दुसरं काम काठीचं. पास ज्या वाटेनं जाणार त्या वाटेवर काठीचं पातं टेकवून ठेवायचं. पास अडला तर उत्तमच, पण पास देणाऱ्यानं ती काठी पाहून विचार बदलला आणि पक रिंकच्या कडेच्या कठड्याकडे ढकलला, तरी काम झालं. अशी विचार बदलायला लावलेली पासची संख्या कुठल्याच तक्त्यात येत नाही.

तिसरं, गोलसमोरची जागा सांभाळणं. बहुतेक गोल तिथूनच होतात. सेंटरनं आपल्या झोनमध्ये खाली येऊन डिफेन्समनांना तिथे मदत करायची असते. आणि मग फेसऑफ, पेनल्टी किल, शॉट अंगावर घेणं. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टींना पुढे वेगळी उत्तरं दिली आहेत.

शेवटचं दीड मिनिट उरलंय, आपण एका गोलनं पुढे आहोत आणि समोरच्यानं गोलकीपर काढून सहावा खेळाडू उतरवलाय, अशा वेळी प्रशिक्षक ज्याच्याकडे बघतो तो हा माणूस.

फेसऑफला एवढं महत्त्व का?

खेळ थांबला की तो पुन्हा सुरू होतो फेसऑफनं. पंच दोन सेंटरच्या मध्ये पक टाकतो आणि ज्याची काठी चपळ त्याच्या संघाला पक. आपल्या गोलजवळच्या वर्तुळात फेसऑफ हरलात तर पक थेट समोरच्याच्या नेमबाजाकडे जातो आणि दोन सेकंदांत शॉट येतो.

इथे एक बारकावा आहे. एनएचएलच्या नियमानुसार आपल्या झोनमधल्या फेसऑफला बचाव करणाऱ्या सेंटरनं काठी आधी बर्फावर टेकवायची असते, हल्ला करणाऱ्यानं नंतर. म्हणजे बचाव करणारा आधीच थोडा मागे पडतो. तरीही जो सेंटर निम्म्याहून जास्त फेसऑफ तिथे जिंकतो, त्याला संघ वर्षानुवर्षं सोडत नाही. शिवाय आइसिंग झालं, म्हणजे आपल्या अर्ध्यातून मारलेला पक थेट पलीकडच्या गोलरेषेपार गेला, तर दमलेल्या संघाला खेळाडू बदलता येत नाहीत आणि फेसऑफ आपल्याच गोलजवळ होतो. तेव्हा तो एक फेसऑफ जिंकणं म्हणजे पाच दमलेल्या माणसांना श्वास मिळवून देणं.

पेनल्टी किल म्हणजे काय?

किरकोळ नियमभंगाला दोन मिनिटं बाहेर बसावं लागतं. तेवढा वेळ चार जणांनी पाच जणांना रोखायचं. त्या चारांत दोन फॉरवर्ड असतात, आणि ही जागा डिफेन्सिव्ह फॉरवर्डची हक्काची.

चौघं चौकोनात उभे राहतात, कधी तिरक्या चौकोनात, आणि पक जिकडे जाईल तिकडे तो चौकोन सरकतो, आक्रसतो. प्रत्येकानं एकाच वेळी दोन समोरच्यांचा हिशोब ठेवायचा असतो. पक मिळाला की पूर्ण ताकदीनं पलीकडच्या टोकाला भिरकावायचा. एनएचएलमध्ये कमी माणसांनी खेळणाऱ्या संघाला आइसिंग माफ असतं. क्वचित याच वेळात आपला गोलही होतो, त्याला शॉर्टहँडेड गोल म्हणतात. महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीडब्ल्यूएचएलमध्ये, असा गोल झाला तर आपली बाहेर बसलेली खेळाडू ताबडतोब परत येते. मला हा नियम फार आवडतो. पेनल्टी किल करणाऱ्या मुलींना तो पुढे झेपावण्याचं कारण देतो.

या कामाचं कौतुक कोणी करतं का? एखादं बक्षीस?

आहे. फ्रँक जे. सेल्की ट्रॉफी. बचावात सर्वोत्तम ठरलेल्या फॉरवर्डला हॉकी पत्रकार मतदानानं ती देतात. १९७७–७८ च्या हंगामात ती पहिल्यांदा दिली गेली, माँट्रियल कॅनेडियन्सच्या बॉब गेनीला. पुढची तीन वर्षंही त्यालाच मिळाली, म्हणजे पहिली चार वर्षं सलग. १९७९ मध्ये तर प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून कॉन स्मिथ ट्रॉफीही गेनीलाच. त्यानं ११६० सामन्यांत २३९ गोल केले. एनएचएलच्या फॉरवर्डसाठी हा आकडा फार मोठा नाही, पण त्याच्या नावावर पाच स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं, आहेत आणि त्याचा २३ क्रमांक माँट्रियलमध्ये आता कोणालाही दिला जात नाही.

सर्वांत जास्त वेळा, सहा वेळा, ती बॉस्टनच्या पॅट्रिस बर्जरॉनला मिळाली: २०१२, २०१४, २०१५, २०१७, २०२२ आणि २०२३. अलीकडे फ्लोरिडाचा फिनिश कर्णधार अलेक्झांडर बार्कोव्ह तीनदा जिंकला, आणि २०२४ व २०२५ चे स्टॅन्ली कपही त्याच्याच संघानं उचलले.

आकड्यांत हे काम दिसतं का?

अर्धवट. प्लस-मायनस नावाचा जुना आकडा आहे: तुम्ही बर्फावर असताना आपला गोल झाला तर अधिक एक, समोरच्याचा झाला तर उणे एक. पॉवर प्लेमधले, म्हणजे समोरच्याचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असतानाचे, गोल त्यात धरत नाहीत. पण जो रोज समोरच्या सर्वोत्तम फळीसमोर खेळतो आणि आपल्याच गोलजवळून शिफ्ट सुरू करतो, त्याचा आकडा वाईट दिसू शकतो आणि तरी त्याचं काम उत्तम असू शकतं. म्हणून आता त्याची शिफ्ट कुठून सुरू झाली, समोर कोण होतं, त्या वेळात किती शॉट आले, हेही पाहतात. हे सगळं एकत्र वाचायला शिकल्याशिवाय एका आकड्यावर कोणाला मोडीत काढू नये.

ज्यांना गोल जमत नाही तेच या भूमिकेत जातात ना?

हा गैरसमज सगळ्यात जास्त भेटतो, म्हणून उदाहरणंच देतो.

गाय कार्बोनो. १९७९–८० च्या ज्युनिअर हंगामात त्यानं १८२ गुण (स्वतःचे गोल आणि इतरांच्या गोलला केलेली मदत मिळून) केले, त्यात ७२ गोल. माँट्रियलला आल्यावर त्यानं बचावाची जबाबदारी घेतली आणि तीन सेल्की मिळवल्या. १९९३ च्या अंतिम मालिकेत पहिला सामना हरल्यावर समोरच्या संघाचा सर्वांत मोठा खेळाडू वेन ग्रेट्झ्की याला रोखायचं काम त्यानं स्वतः प्रशिक्षकाकडून मागून घेतलं. माँट्रियलनं पुढचे चारही सामने जिंकून कप नेला.

सर्गेई फेदोरोव्हला १९९४ मध्ये लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून हार्ट ट्रॉफी आणि सेल्की, दोन्ही एकाच वर्षी मिळाल्या. पावेल दात्स्युक १९९८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, १७१ व्या क्रमांकावर निवडला गेला, म्हणजे जवळजवळ दुर्लक्षितच. पुढे तीन सेल्की. बर्जरॉनचे एनएचएलमधले गुण १०४०.

या सगळ्यांना गोल जमत होते. त्यांनी त्याच्या जोडीला दुसरं काम शिकून घेतलं.

आपल्याकडचं कोणी तिथे पोहोचलंय का?

भारतात शिकून एनएचएलपर्यंत पोहोचलेला खेळाडू आजवर झालेला नाही. भारतीय वंशाचे कॅनडात वाढलेले खेळाडू मात्र आहेत. १९८९ मध्ये रॉबिन बावा हा तिथे खेळलेला पहिला. आणि ज्याची कारकीर्द मी प्रत्येक मुलाला सांगतो, तो मॅनी मल्होत्रा.

वडील पंजाबी, आई फ्रेंच-कॅनेडियन, जन्म १९८० चा, टोरांटोजवळच्या मिसिसॉगातला. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये न्यू यॉर्क रेंजर्सनं त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं. इतक्या वर निवडलेल्या मुलाकडून लोक गोलांची अपेक्षा करतात. तसे ते झाले नाहीत. न्यू यॉर्कहून डॅलस, तिथून कोलंबस. तिथे त्याला आपली जागा सापडली: फेसऑफ, पेनल्टी किल, समोरच्या मोठ्या सेंटरवर पहारा. २०१० मध्ये व्हँकुव्हरनं त्याला तीन वर्षांचा ७५ लाख डॉलरचा करार दिला. त्या हंगामात व्हँकुव्हरच्या प्रशिक्षकांनी एक साधी गोष्ट केली. आपल्या गोलजवळचे फेसऑफ मल्होत्राला दिले, समोरच्या गोलजवळचे संघाचे मुख्य आक्रमक असलेल्या सेडिन बंधूंना. त्यानं साठ टक्क्यांहून जास्त फेसऑफ जिंकले, डॅनियल सेडिन लीगचा सर्वाधिक गुणांचा मानकरी झाला आणि संघ गुणतक्त्यात सगळ्यांच्या वर राहिला. सेडिनच्या त्या गुणांत मल्होत्राचा वाटा आहे असं मी ठामपणे म्हणतो.

मार्च २०११ मध्ये पक त्याच्या डाव्या डोळ्यावर आदळला. शस्त्रक्रिया झाल्या, हंगाम संपला असं सगळ्यांनी धरलं. जूनमध्ये स्टॅन्ली कप अंतिम मालिकेच्या दुसऱ्या सामन्यात तो परत उतरला, तेव्हा सगळं प्रेक्षागृह उभं राहिलं. कप मात्र सातव्या सामन्यात बॉस्टननं नेला, आणि त्या सामन्यात दोन गोल करणारा होता बर्जरॉन.

डोळ्याची नजर पूर्ण परत आली नाही. २०१३ मध्ये क्लबनंच त्याच्या सुरक्षिततेसाठी त्याला खेळवणं थांबवलं. तो खालच्या एएचएल लीगमध्ये चाचणीवर गेला, तिथून कॅरोलायनानं परत एनएचएलमध्ये आणलं, मग एक हंगाम माँट्रियलमध्ये. एकूण ९९१ सामने, ११६ गोल. त्यानंतर तो प्रशिक्षक झाला. २०२५ मध्ये त्याच्या ॲबट्सफर्ड संघानं एएचएलचा कॅल्डर कप जिंकला. त्या संघात अर्शदीप बैन्स हा आणखी एक पंजाबी मुलगा होता, ज्याला एनएचएल ड्राफ्टमध्ये कोणीच निवडलं नव्हतं.

अशी कारकीर्द साधारण कशी पुढे सरकते?

अठराव्या वर्षी ड्राफ्ट, सात फेऱ्या, ३२ संघ. निवड झाली म्हणजे नोकरी लागली असं नाही. बहुतेक जण ज्युनिअर, कॉलेज किंवा युरोपात आणखी काही वर्षं खेळतात, मग एएचएलमध्ये. तिथे प्रत्येकाला कळतं की वरच्या संघातल्या पहिल्या दोन फळ्या भरलेल्या आहेत. जो पेनल्टी किल करू शकतो, ज्याच्यावर आपल्या झोनमध्ये विश्वास टाकता येतो, त्याच्यासाठी तिसऱ्या-चौथ्या फळीत दार उघडतं. पुढे ट्रेड (दुसऱ्या संघाशी अदलाबदल), लहान करार, कधी पुन्हा खाली. २०२५–२६ पर्यंतचा एनएचएलचा एक हंगाम ८२ सामन्यांचा, त्यावर प्लेऑफ.

पाय मंदावल्यावरही हा खेळाडू टिकतो, कारण त्याच्या कामात खेळ ओळखणं, पुढचं आधी हेरणं जास्त आहे. आणि निवृत्तीनंतर यांच्यातले बरेच प्रशिक्षक किंवा व्यवस्थापक होतात: गेनी, कार्बोनो, मल्होत्रा, आणि दोन सेल्की जिंकलेला रॉड ब्रिंडामूर, जो कॅरोलायनाचा मुख्य प्रशिक्षक आहे.

पैसे किती मिळतात?

२०२५–२६ च्या हंगामात एनएचएलचं किमान वार्षिक वेतन ७ लाख ७५ हजार डॉलर आहे. मल्होत्राला व्हँकुव्हरमध्ये वर्षाला २५ लाख डॉलर होते, बर्जरॉनच्या मोठ्या कराराची वार्षिक सरासरी ६८ लाख ७५ हजार. एएचएलमध्ये आकडे याच्या आसपासही नसतात.

दुखापतींचं काय? भीती वाटते.

वाटायलाच हवी, आणि तयारी त्याच भीतीतून करायची. पक म्हणजे सुमारे १७० ग्रॅमचा कडक रबर. तो अंगावर घेणं हे या खेळाडूच्या कामाचा भाग आहे. २०१३ च्या अंतिम मालिकेत बर्जरॉन मोडलेली बरगडी आणि निखळलेला खांदा घेऊन सहावा सामना खेळला आणि नंतर कळलं की फुफ्फुसालाही छिद्र पडलंय. लोक ही गोष्ट शौर्य म्हणून सांगतात. मी मुलांना ती तशी सांगत नाही. त्याच बर्जरॉनला २००७ मध्ये मागून बसलेल्या धडकेनं डोक्याला इतका मार लागला की तो उरलेला हंगाम खेळला नाही, आणि पुढचे पंधरा हंगाम खेळू शकला ते नीट विश्रांती घेतली म्हणून. हे मी आवर्जून सांगतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये ॲडम जॉन्सन हा खेळाडू स्केटचं पातं मानेला लागून मरण पावला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय महासंघानं मानेचं संरक्षक कवच सक्तीचं केलं. आपल्या चाकांच्या हॉकीत पातं नसतं, पण जाळीचं हेल्मेट, हातमोजे, कोपर-गुडघ्याचे पॅड आणि नडगीची पट्टी यांत काटकसर करू नका. नवीन काठी पुढच्या वर्षी घेतली तरी चालेल.

ठाणे-नवी मुंबईत बर्फच नाही. मग हे सगळं कशासाठी?

पूर्ण मापाची आइस रिंक आपल्याकडे नाही, हे खरं. मॉलमधल्या बर्फाच्या खेळघरात हॉकी शिकता येत नाही. देशातली खरी आइस हॉकी लडाखमध्ये आहे. साडेतीन हजार मीटर उंचीवर, डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी, गोठलेल्या तळ्यांवर आणि लेहच्या रिंकवर. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांतली आइस हॉकीही लेहमध्येच होते. डेहराडूनची अनेक वर्षं बंद असलेली रिंक २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, हीदेखील आशेची गोष्ट.

आपल्याला इथे मिळते ती इनलाइन हॉकी. तिच्यात चार खेळाडू आणि गोलकीपर, अंगावर धडक नाही. थांबण्याचं तंत्र वेगळं, कारण चाक बर्फावरच्या पात्यासारखं आडवं घसरत नाही. पण या पानावर ज्या गोष्टी लिहिल्या त्यांतल्या बहुतेक, म्हणजे मागे वळणं, पासच्या वाटेवर काठी, मोकळा माणूस हेरणं, या फरशीवर तशाच्या तशा शिकता येतात. धडक नसल्यामुळे तर मुलं जागा आणि काठी जास्त नीट वापरायला लागतात.

पावसाळ्यात उघडी रिंक बंद असते. त्या चार महिन्यांत सोसायटीच्या झाकलेल्या पार्किंगमध्ये, गाड्या नसताना, काठी आणि चेंडूचा सराव करा. ओल्या फरशीवर स्केट्स घालू देऊ नका.

सरांनी माझ्या मुलाला मागे राहून खेळायला सांगितलं. तो रडतो, म्हणतो मला काढून टाकलं. काय सांगू?

आधी हे सांगा की सर त्याच्यावर विश्वास ठेवतायत. प्रशिक्षक बेभरवशाच्या मुलाला कधीच आपल्या गोलसमोर ठेवत नाही.

२ नोव्हेंबर २०२५ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. अमनजोत कौरनं त्या दिवशी ना मोठी खेळी केली, ना बळी घेतले. पण जमलेली सलामीची जोडी तिच्या थेट फेकीनं फुटली, आणि शतक ठोकलेल्या वोल्वार्डचा झेल तिनं तीन प्रयत्नांत पकडला. तो सामना बघितलेल्या कुठल्याही मुलाला हे लगेच समजतं. माझ्याकडच्या मुलांना समजलं.

आणि घरी जाताना गाडीत "आज किती गोल?" एवढंच विचारू नका. "आज तू कोणाला अडवलंस?" हेही विचारा. मुलं त्याच गोष्टीकडे लक्ष देतात जी आपण विचारतो. दहा-बारा वर्षांखालच्या मुलाला एकाच जागी कायम बांधून ठेवणंही चूक आहे. तसं होत असेल तर सरांशी मोकळेपणानं बोला. या वयात प्रत्येकानं पुढे, मागे, गोलमध्येही उभं राहून बघायला हवं.

मुलींना यात भवितव्य आहे?

आहे, आणि भारतात तर मुलींनी जास्त वेगानं पुढे पाऊल टाकलंय. भारतीय महिला संघ २०१६ मध्ये पहिल्यांदा आशियाई चॅलेंज कपमध्ये उतरला, २०१७ मध्ये फिलिपिन्सविरुद्ध पहिला विजय मिळवला आणि २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनच्या आशिया कपमध्ये कांस्यपदक आणलं. संघ जवळजवळ सगळा लडाखच्या मुलींचा. त्यातल्या अनेकींची सुरुवात मुलांच्या उतरलेल्या स्केट्सवर झाली.

सामने कधी आणि कसे बघायचे?

अमेरिका-कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचा संध्याकाळी सातचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतो, त्यांची घड्याळं पुढे असतात तेव्हा साडेचारला. पश्चिम किनाऱ्यावरचे सामने सकाळी साडेआठच्या सुमारास, म्हणजे रविवारचा नाश्ता करता करता बघण्यासारखे.

पहिल्या पिरियडमध्ये नेहमीसारखा पक बघा. दुसऱ्यात एकच फॉरवर्ड निवडा आणि वीस मिनिटं फक्त त्यालाच बघा, पक कुठेही असो. पक नसताना तो डोकं किती वेळा फिरवतो ते मोजा. शिफ्ट संपवून बाहेर येताना तो कुठल्या क्षणी येतो ते बघा: पक समोरच्याच्या टोकाला गेल्यावरच की आपला संघ अडचणीत असताना. यजमान संघाच्या प्रशिक्षकाला शिट्टीनंतर खेळाडू शेवटी बदलण्याची मुभा असते, त्यामुळे घरच्या सामन्यात तो आपला डिफेन्सिव्ह सेंटर कोणासमोर उतरवतो हेही लिहून ठेवा. मुलांसोबत बघत असाल तर वही त्यांच्या हातात द्या.